मयताला न लावलेला हात

क्लूनागचा दौरा ठरला की आमच्या नाटक कंपनीत एकच चर्चा सुरू व्हायची: या खेपेला मिस टायमन कोणावर संशय घेणार?

डिम्फना टायमन गावाच्या टोकाला, दलदलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहायची. घराच्या खालच्या मजल्यावर ती आणि तिचा थोरला भाऊ जार्लथ. वरच्या खोल्या ती आम्हा फिरत्या नटांना भाड्याने द्यायची. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती. आमच्याकडे तेव्हा अशी भावंडं गावोगाव असत, त्यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते डिम्फनाच्या नाकाचं. दूधवाला दारातून वळायच्या आत ती भांड्याला नाक लावायची. अंडं खिडकीतल्या उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय फोडायची नाही. युद्धामुळे चहा रेशनवर आला, तेव्हा तिने चहाचा डबा स्वतःच्या पलंगाखाली कुलपात ठेवला आणि किल्ली गळ्यातल्या संताच्या पदकाशेजारी अडकवली.

मी त्या काळी राजे करायचो. उंची होती, आवाज होता, आणि पुठ्ठ्याचा मुकुट माझ्याच डोक्याला नीट बसायचा. तिने माझं नावच राजेसाहेब ठेवलं होतं.

"राजेसाहेब, पावाचं टोक कुठं गेलं?"

"मला काय ठाऊक, मिस टायमन?"

"तुमच्या मिशीला लोणी लागलंय. ते काय राज्याभिषेकाचं आहे?"

पण मनाची फार मोठी. भिजलेले झगे रात्रभर चुलीपाशी वाळवून द्यायची, आजारी नटीला स्वतःच्या अंथरुणात झोपवायची. नाटकाला मात्र तिला बसवणं म्हणजे जोखीम. ती पहिल्या रांगेत बसायची आणि पहिल्याच प्रवेशात शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "विष तो दाढीवाला घालणार. त्याचे डोळे बघ ना." सगळं सभागृह ऐकायचं. आणि वाईट हे, की दाढीवालाच घालायचा.

जार्लथ अगदी उलटा. मोठ्या हाडापेराचा, मंद हसणारा, कमी बोलणारा. त्याच्या हाताला गुण होता. अंगावर नागीण उठलेली माणसं मागच्या दाराने यायची, तो उजवा हात ठेवायचा, ओठांतल्या ओठांत काही म्हणायचा, आणि माणसं मुकाट्याने निघून जायची आणि पुढे बरी व्हायची. त्याच्याआधी हा गुण त्यांच्या आईकडे होता. त्याचे नियम सगळ्या मुलखाला ठाऊक होते आणि कुणी कधी उच्चारत नसे. पैसे द्यायचे नाहीत. आभार मानायचे नाहीत, मानले तर गुण निघून जातो. ज्याच्याकडे तो आहे त्याने त्याविषयी बोलायचं नाही. आणि तो हात मयताला लावायचा नाही. आज या गोष्टीतली माणसं हयात नाहीत, म्हणून मी हे लिहितो आहे. त्या काळी माझ्याही तोंडून निघालं नसतं.

युद्ध चालू होतं त्या वर्षांतली गोष्ट. शरद ऋतूत थेडी कनिफ नावाचा शेजारी दलदलीतल्या चरात मेलेला सापडला. डोक्याला मागून मार होता. प्रेताशेजारी दलदलीतली माती जळणासाठी कापायचं फावडं पडलेलं होतं, आणि ते जार्लथचं होतं. दलदलीतल्या एका पट्ट्यावरून दोघांचं वर्षभर वाजत होतं. हा म्हणे तू माझं जळण कापलंस, तो म्हणे पट्टा माझ्या आजोबांचा. मृत्यूच्या आदल्या आठवड्यात बाजारात जार्लथने त्याची गळपट्टी धरली होती, आणि ते अख्ख्या गावाने पाहिलं होतं. जार्लथचं म्हणणं, फावडं मी नेहमी तिथेच उभं करून ठेवतो, कुणीही उचलतं. तेही खरं होतं.

आमच्याकडे मयताच्या घरी सगळा गाव जमतो. आलेल्याने गुडघे टेकायचे, प्रार्थना पुटपुटायची आणि मग मयताच्या कपाळावर हात ठेवायचा. जार्लथ गेला. गुडघे टेकले, प्रार्थना केली, उठला, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून दारापाशी उभा राहिला. मेलेल्याची बायको सबीना त्याच्याकडे बघत होती. गावातला पोलीस सार्जंट लोहान, जो दुसऱ्या परगण्यातून बदलून आलेला होता, तोही बघत होता. थेडीला मातीआड केलं त्याच संध्याकाळी त्याने जार्लथला नेलं.

तुम्ही विचाराल, गाव काय करत होतं? गाव गप्प होतं. गुणाविषयी बोलायचं नसतं, हे एक. असल्या गोष्टींवर पाद्रीबुवांची खप्पामर्जी, हे दुसरं. आणि तिसरं, जे कुणी बोललं नाही पण मला पुढे प्रत्येक दारात वास येत राहिला, ते असं: कुणास ठाऊक, केलंही असेल त्याने.

खुनाचे खटले आमच्याकडे राजधानीत, डब्लिनला चालत, आणि ज्युरीही डब्लिनचीच. पेट्रोल मिळेना म्हणून आमची कंपनी त्या हिवाळ्यात बंद होती आणि मी डब्लिनमध्येच एका थंड खोलीत दिवस काढत होतो. डिम्फना स्टेशनवर उतरली ती काळा कोट, काळी टोपी, आणि हातात उकडलेल्या अंड्यांची पिशवी.

"राजेसाहेब, शहरी माणसांत कसं बसायचं ते तुम्हाला कळतं. माझ्या शेजारी बसा. आणि तुमचा तो चांगला कोट घाला, खलनायकाचा नको."

जन्मभर ज्या नजरेने नाटकं बघितली त्याच नजरेने मी कोर्टात सगळं बघत होतो. सरकारी वकील सुमार होता. हातवारे फार, आवाज नाकातला. पुरावाही तुटपुंजा, फावडं आणि भांडण. मला वाटलं, यावर कुणी माणसाला फासावर देत नाही. मग सार्जंट लोहानने साक्ष दिली की आरोपीने मयताला हात लावला नाही. आणि जार्लथ स्वतः पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा वकिलाने नेमकं तेच विचारलं.

"शेजाऱ्याच्या मयताला हात का लावला नाही?"

"माझं कारण होतं."

"कोणतं?"

"ते मला सांगता येत नाही."

डिम्फनाने माझ्या कोटाची बाही घट्ट धरली. भावाने तिच्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली. नाही म्हणून.

आता या सगळ्यात खरा नट होता तो न्यायाधीश. बारीक, पांढऱ्या भुवयांचा, आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या माणसाला वाटावं हा माझ्याच कानात बोलतोय. दोन्ही बाजूंचं झाल्यावर ज्युरीला समजावून सांगायचं काम त्याचं. कायदा काय, पुरावा कसा जोखायचा, शंका राहिली तर काय करायचं. बराच वेळ तो नीट बोलला. मग पुढे वाकला.

"गृहस्थहो, तुम्ही शहरातली माणसं. त्या भागातल्या चालीरीती तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. मला आहेत. माझ्या लहानपणचे उन्हाळे मी तिकडे काढले आहेत." इथे तो थांबला. काय थांबला! असा विराम घेणारा नट प्रेक्षकांना खिशात घालतो, मला माहीत आहे, मी घातलेले आहेत. "तिकडे मयताला हात न लावणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. खुन्याने हात लावला तर प्रेताच्या जखमेतून रक्त येतं, असं ती माणसं मानतात. ते खरं की खोटं हा प्रश्न नाही. आरोपी ते मानतो, हा प्रश्न आहे. त्याने हात मागे घेतला, ही त्याने स्वतः दिलेली कबुली आहे, असं तुम्ही धरू शकता. आणि मी तुमच्या जागी असतो तर धरलं असतं."

ज्युरी जेवणाच्या वेळेआधीच परतली. दोषी. न्यायाधीशाच्या डोक्यावर काळ्या कापडाचा तुकडा ठेवला गेला, आणि त्याने त्याच सुंदर आवाजात फाशी सुनावली.

बाहेर पायऱ्यांवर डिम्फना एवढंच म्हणाली, "रक्त येतं हे मी पण ऐकलंय. आजी सांगायची. पण त्या माणसानं अर्धंच ऐकलं, बघा. उन्हाळ्यात आलेला पाहुणा. त्याला कोण उरलेलं सांगणार?"

अपिलासाठी बॅरिस्टर फोगर्टी उभा राहिला. तरुण, कॉलर मळकी, नखं खाल्लेली. डिम्फनाला तो अजिबात पसंत पडला नाही.

"याच्या बुटांची वादी सुटलीय," ती माझ्या कानात म्हणाली. "ज्याला वादी बांधता येत नाही तो माणूस काय सोडवणार?"

पण वादी सुटलेली असली तरी डोकं जागेवर होतं. ती त्याच्यापुढे खुर्चीच्या कडेवर बसली, मोठा श्वास घेतला आणि नियम मोडला. हाताचा गुण, नागीण, आई, सगळं सांगितलं. सांगताना ती दाराकडे बघत होती, जणू कुणी ऐकेल. "मी हे वरच्या कोर्टात सांगते," ती म्हणाली. "बायबलवर हात ठेवून सांगते. मग गुण गेला तर जाऊ दे, त्याची मान तर वाचेल."

फोगर्टीने नखं खायचं थांबवलं. "मिस टायमन, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू."

"का? तुमचा विश्वास नाही?"

"माझ्या विश्वासाचा काही उपयोग नाही. तुम्ही हे सांगितलंत की सरकारी वकील विचारणार, खटल्यात का नाही सांगितलं? आता फास दिसायला लागल्यावर आठवलं? आणि एकदा त्या हाताची चर्चा सुरू झाली की आपण बुडालो. वरच्या कोर्टात तुमच्या भावाचा हात तपासायचा नाहीये. न्यायाधीशांची जीभ तपासायची आहे."

"म्हणजे जार्लथनं मारलं की नाही हे तिथं कुणी विचारणारच नाही?"

"कुणीच नाही."

मला वाटलं तिला हायसं वाटेल. पण तिचा चेहरा असा झाला, जसा दुधाचा वास घेतल्यावर व्हायचा.

अपिलाच्या दिवशी तिघा न्यायाधीशांपुढे फोगर्टी उभा राहिला तेव्हा त्याची वादी बांधलेली होती. ती डिम्फनाने जिन्यात वाकून स्वतः बांधली होती. त्याचा अभिनय म्हणाल तर शून्य. एका जागी उभं राहून, कागद पुढे धरून सपाट आवाजात बोलला. तो म्हणाला, मयताला हात न लावण्याचा अर्थ काय, यावर एकाही साक्षीदाराने एक शब्द उच्चारलेला नाही. तो अर्थ न्यायाधीशमहाराजांनी स्वतःच्या आठवणीतून दिला. म्हणजे ते आसनावर बसल्या बसल्या साक्षीदार झाले. साक्षीदाराला मला उलट विचारता येतं, तुम्ही किती उन्हाळे होता, कुणाच्या घरी होता, याला दुसरा अर्थ असतो का. न्यायाधीशांना विचारता येत नाही. आणि ज्युरीला हेही सांगायला हवं होतं, की माणूस कारण सांगत नाही म्हणून कारण वाईटच असतं असं नाही. ते सांगितलं गेलं नाही. उलट मी तुमच्या जागी असतो तर, असं सांगितलं गेलं. न्यायाधीश ज्युरीच्या जागी नसतो. तेवढ्यासाठीच तर ज्युरी असते.

मधला न्यायाधीश एकदाच बोलला. "पण त्याने कारण सांगायला काय हरकत होती?"

"ते मला ठाऊक नाही, महाराज," फोगर्टी म्हणाला. "ज्युरीलाही ठाऊक नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे."

खोटं बोलला. आणि इतकं सरळ बोलला की मला टोपी काढावीशी वाटली.

न्यायाधीश विचार करायला आत गेले. आम्ही समोरच्या चहाच्या दुकानात बसलो. डिम्फनाने कप उचलला, वास घेतला.

"हा चहा आहे की कुणी चहाच्या शेजारून पाणी नेलंय?"

मी हसलो. ती हसली नाही. कप खाली ठेवून ती टेबलावरचे कण बोटाने एका जागी गोळा करू लागली. "राजेसाहेब, तुम्हाला एक सांगते. फोगर्टीला सांगितलं नाही. कुणालाच नाही."

"सांगा."

"आई मयताला जायची तेव्हा असेच हात मागे बांधून उभी राहायची. अगदी तस्सेच. म्हणून त्या रात्री जार्लथला तसं बघून मला काही वाटलं नाही. पण मग..." ती थांबली. ती नटी नव्हती, तो विराम नव्हता. तिला खरंच पुढे बोलवेना. "पण आई गेली तेव्हा जार्लथनं तिला हात लावला होता. मी खोलीत होते. उजवा हात. तिचा हात हातात घेऊन बसला होता, ती थंड पडेपर्यंत. आणि त्यानंतरच्या रविवारी पहिला माणूस मागच्या दारानं आला आणि बरा होऊन गेला."

"मग?"

"मग काय, मग! म्हणजे मयताला हात लावून गुण जात नाही. निदान त्याचा गेला नाही. आणि हे त्याला ठाऊक होतं. मग थेडीला हात लावायला काय झालं होतं?"

मी म्हणालो, आई ती आईच, तिथे नियम कोण बघतो.

"आईच्या वेळी नियम बघत नाही तो शेजाऱ्याच्या वेळी कशाला बघेल?" ती म्हणाली. "आणि तेही ज्याची गळपट्टी धरली त्या शेजाऱ्याच्या. गाव डोळ्यांत तेल घालून बघत असताना. मी रोज याच्या अंड्याला उजेडात धरलंय, राजेसाहेब. याला कधी धरलं नाही. आता तिथं आत ती तिघं बसलीयत, आणि मी देवाला म्हणतेय सोड त्याला. आणि लगेच म्हणतेय, केलं नसेल तरच हं. असली प्रार्थना ऐकून घेईल का तो?"

तेवढ्यात फोगर्टी रस्ता ओलांडून धावत आला. वादी पुन्हा सुटली होती.

शिक्षा रद्द झाली होती. न्यायाधीशाने ज्युरीला जे सांगितलं ते सांगायला नको होतं, आणि त्याशिवाय ज्युरी त्याच निकालाला आली असती असं म्हणता येत नाही. सरकारला हवा तर नव्याने खटला भरावा.

"म्हणजे त्यानं मारलं नाही असं ठरलं?" डिम्फनाने विचारलं.

"नाही, मिस टायमन. म्हणजे तो जिवंत आहे."

नवा खटला सरकारने भरला नाही. एवढ्या पुराव्यावर भरण्यासारखा नव्हताच. जार्लथ घरी आला. पुढचं मला पत्रांतून आणि आमच्या नटमंडळींकडून कळत गेलं. त्याला पाहून लोक रस्ता बदलत नसत, आमच्याकडची माणसं इतकी उघड वागत नाहीत. ती हवापाण्याविषयी बोलत आणि बोलता बोलता त्याच्या हातांकडे बघत. न्यायाधीश चुकला म्हणून सुटला, असं दुकानात म्हणत. म्हणजे न्यायाधीश चुकला नसता तर? तेवढं वाक्य कुणी पुरं करत नसे. मागच्या दाराला कडी लागली ती लागलीच. नागीण उठलेली माणसं दुसऱ्या परगण्यातल्या एका बाईकडे सायकल मारत जाऊ लागली. आणि सबीना कनिफ चर्चमध्ये टायमन भावंडांच्या बरोबर मागच्या बाकावर बसू लागली. पूर्वी ती तिथे बसत नसे. दर रविवारी जार्लथच्या मानेवर तिची नजर.

युद्ध संपल्यावर कंपनी पुन्हा बाहेर पडली आणि आम्ही क्लूनागला आलो. डिम्फना वाळली होती. चहाच्या डब्याची किल्ली गळ्यातच होती. जेवताना मी बघितलं, ती भावाला चहा ओतून द्यायची, पण डबा त्याच्यासमोर कधी उघडायची नाही. पूर्वी हे कुलूप आमच्यासाठी असायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात बसून मुकुटाला सोनेरी कागद चिकटवत होतो. जार्लथ चुलीपाशी बूट दुरुस्त करत होता, डिम्फना बटाटे सोलत होती. मागच्या दाराची कडी वाजली. इतक्या दिवसांनी वाजली म्हणून तिघेही दचकलो.

डिम्फनाने दार उघडलं. सबीना कनिफ उभी होती. डोक्यावरून शाल अशी ओढलेली की चेहरा अर्धाच दिसावा.

"तू कशाला आलीस?" डिम्फना म्हणाली.

"घरात घेशील की दारातच विचारशील?"

ती आत आली आणि तिने शाल मागे केली. नागीण कपाळावर उठली होती, केसांपासून पापणीपर्यंत. डोळा सुजून बंद होत आला होता.

"डॉक्टरकडे गेली नाहीस?" डिम्फनाने विचारलं.

"गेले. पावडर दिली. पावडर काय करतेय." सबीना डिम्फनाशी बोलत होती, बघत होती जार्लथकडे. "सायकल मारत त्या दुसऱ्या बाईकडे पण जाता आलं असतं मला. मी बरी व्हायला आलेली नाही, जार्लथ टायमन. मी बघायला आलेय."

"काय बघायला?"

"तुझा हात चालतो का ते. ज्या हातानं ते केलं असेल, तो चालणार नाही. तुलाही ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. तिथं डब्लिनला तुला कुणी हे विचारलं नाही. ते तिघं म्हातारे केसांचे टोप घालून दुसऱ्याच म्हाताऱ्याची चूक काढत बसले. ठेव हात."

सोललेला बटाटा डिम्फनाच्या हातात तसाच राहिला. जार्लथने बूट खाली ठेवला. हात चोळून पुसले. मी जन्मभर रंगमंचावर हात कसा न्यायचा हे शिकवलं आहे, कुठून उचलायचा, किती सावकाश. त्याने यातलं काही केलं नाही. तिला स्टुलावर बसवलं, उजवा हात तिच्या कपाळावर ठेवला आणि डोळे मिटले. सबीनाने मिटले नाहीत. एक डोळा सुजलेला, दुसरा सताड उघडा, त्याच्या चेहऱ्यावर रोखलेला. त्याचे ओठ हलत होते. चुलीतलं जळण ढासळलं, तेवढाच आवाज.

मग त्याने हात काढला. "शुक्रवारी ये परत. आणि मग सोमवारी."

सबीना उठली. शाल ओढली. दारापर्यंत गेली. तिथे ती वळली, आणि मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, शिवी देईल किंवा आभार मानेल. पण ती दार उघडंच टाकून निघून गेली.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. ती शुक्रवारी आली, सोमवारीही आली. कपाळ बरं झालं, डोळा वाचला. त्यानंतर ती चर्चमध्ये पुन्हा आपल्या जुन्या बाकावर बसू लागली, आणि हळूहळू मागच्या दाराने माणसं येऊ लागली. मी पुढे डब्लिनच्या एका डॉक्टरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, नागीण काही आठवड्यांत आपोआपही जाते. जात असेल. मी काही त्याच्याशी वाद घातला नाही.

पण त्या दुपारी यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. उघड्या दारातून गार वारा आत येत होता.

"तिनं आभार मानले नाहीत," डिम्फना म्हणाली.

"नाही मानले," जार्लथ म्हणाला, आणि बूट पुन्हा हातात घेतला.

डिम्फनाने बटाटा पाण्यात टाकला, तो जरा जोरातच पडला. "जार्लथ, आईला हात का लावलास?"

त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. किंवा कळला नाही असं दाखवायला. "कधी?"

"कधी म्हणजे? गेली तेव्हा. थेडीला नाही लावलास. आईला लावलास. माझ्यासमोर. उजवा."

तो बुटाच्या तळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं, डिम्फना. जे होतं ते तिच्याकडे होतं. ते तसंच घ्यायचं असतं. जाणाऱ्याच्या हातातून. बाईकडून पुरुषाकडं. तिनं मला आधी सांगून ठेवलं होतं, हात सोडू नकोस, मी थंड झाले तरी. त्यानंतर मात्र कुठल्याच मयताला नाही." जरा थांबून तो म्हणाला, "तुला वाटलं होतं की..."

"मला काही वाटलं नव्हतं."

"बरं," जार्लथ म्हणाला. तो उठला, बूट पायात घातले, एकदा आपटून बघितले आणि गाईंकडे निघून गेला. जाताना त्याने मागचं दार ओढून घेतलं, पण कडी लावली नाही.

डिम्फना त्या दाराकडे बघत उभी राहिली. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. तिचा चेहरा इतका जवळ होता की तिच्या पापण्यांचे करडे केस मला दिसत होते.

"राजेसाहेब, तुम्ही आयुष्यभर पाठ केलेली वाक्यं बोललात. पाठ केलेलं वाक्य तुम्हाला ओळखू येतं. हो ना?"

"येतं बहुतेक."

"तुरुंगात त्याला वेळ भरपूर होता. इथं आल्यावर पण होता. आत्ता तो बोलला, ते पाठ केलेलं होतं का?"

मी मुकुट खाली ठेवला. त्याचं बोलणं मी मनात पुन्हा ऐकलं. अडखळला होता तिथे अडखळणं खरं वाटत होतं. पण चांगला नट तेच तर पाठ करतो. "थंड झाले तरी" हे आईचं वाक्य वाटत होतं. पण चांगल्या नाटकात असं एखादं वाक्य असतंच. आणि माझ्यासमोर ही बाई बसली होती, जिने भावाच्या गळ्यातला फास सोडवला होता आणि स्वतःच्या मनातला नाही.

"नाही," मी म्हणालो. "पाठ केलेलं नव्हतं."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. अंडं उजेडाकडे धरावं तसं.

"तुम्ही तरी नटच की," ती म्हणाली.

मग उठली, आतल्या खोलीत गेली. पलंगाखालून डबा सरकवल्याचा आवाज आला. गळ्यातली किल्ली काढून तिने तो उघडला, बाहेर आणला आणि चुलीवरच्या फळीवर ठेवला, जिथे तो युद्धाआधी असायचा. जार्लथचा हात पोचेल अशा जागी. पितळी कुलूप आणि किल्ली तिने चमच्यांच्या खणात टाकली. नंतर दुधाचं भांडं उचललं आणि त्याचा वास घेतला.